मी भविष्य सांगत नाही

सुरुवातीलाच सांगतो, मी भविष्य सांगत नाही. हे वाक्य मी जिन्यात सांगितलंय, लिफ्टमध्ये सांगितलंय, सरकारी खिडकीच्या जाळीतून ओरडून सांगितलंय आणि एकदा तर तोंडात टूथब्रश असताना दाराच्या फटीतून सांगितलंय. प्रत्येक वेळी ऐकणाऱ्याने समजूतदारपणे मान डोलावली आणि पुढे विचारलं, "ते ठीक आहे हो, पण आमच्या मुलाचं यंदा जमेल का?"

मी विमा कंपनीत दावे तपासतो. कुणाचं दुकान जळालं, कुणाच्या गाडीवर भिंत पडली, कुणाचा फ्रीज 'आपोआप' जिन्यावरून घरंगळत गेला, की कंपनी मला पाठवते. मी तिथे जातो, वही न काढता उभा राहतो आणि विचारतो, "नेमकं काय झालं?" या कामात मुरलेला माणूस कशावरही चटकन विश्वास ठेवत नाही. मी तर घरातल्या घड्याळात वेळ बघितली की खात्री करायला मनगटावरच्या घड्याळात बघतो, आणि दोन्ही जुळली तर मला जास्तच संशय येतो. असा माणूस पत्त्यांच्या नादी लागला, याला जबाबदार आमचे डॉक्टर.

त्यांनी माझा रक्तदाब मोजला, परत मोजला, मग यंत्र बदलून मोजला आणि म्हणाले, "रोज सकाळी थोडा वेळ शांत बसत जा." आता शांत बसण्याइतकं मला अस्वस्थ करणारं दुसरं काम नाही. डोळे मिटले की झोप लागते. उघडे ठेवले की पंख्यावरची धूळ दिसते. धूळ दिसली की ती पुसायला कोणी सांगितलं होतं आणि कोणी ऐकलं नाही, यावर घरात चर्चा सुरू होते आणि रक्तदाब पुन्हा आपल्या जागी जाऊन बसतो.

हे सगळं मी माझ्या भाचीला सांगितलं. ती मानसशास्त्र शिकते आणि घरातल्या मंडळींवर सराव करते. पुढच्या भेटीत तिने माझ्यासमोर एक डबी ठेवली. उघडली तर आत पत्त्यांचा कॅट. पण बदाम, इस्पिक काही नाही. नुसती चित्रं. राजे, राण्या, तलवारी, पेले, चंद्र, सूर्य.

"मामा, हे टॅरो. रोज सकाळी न बघता एक पान काढायचं. चित्राकडे बघायचं. त्यात तुला काय दिसतं, तेच का दिसतं, हे स्वतःला विचारायचं. संपलं."

"मग काय होतं?"

"काही होत नाही. तू विचार करतोस."

"तो मी एरवीही करतो."

"एरवी तू काळजी करतोस, मामा."

मी तिला चांगलं खणखणीत उत्तर देणार होतो, पण ते सुचेपर्यंत ती जेवून गेलीसुद्धा.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी जेवणाच्या टेबलावर पत्ते पिसले आणि पान काढलं. एक तरुण खांद्यावर गाठोडं टाकून, आकाशाकडे बघत मजेत चाललाय. पुढे कडा संपलाय, याचा त्याला पत्ता नाही. मागे एक कुत्रं जिवाच्या आकांताने भुंकतंय. खाली नाव होतं, 'मूर्ख'.

ही चहा घेऊन आली, माझ्या खांद्यावरून वाकून बघितलं आणि म्हणाली, "अय्या, फोटो छान आलाय तुमचा." मग जरा निरखून म्हणाली, "पण अहो, मागून ओरडतंय ती मी का?"

पहिल्याच दिवशी इतकं आत्मचिंतन मला पेलणारं नव्हतं. पण मी चिकाटीचा माणूस आहे. रोज पान काढत गेलो आणि हळूहळू, कबूल करायला हरकत नाही, मजा यायला लागली. एका सकाळी असं पान आलं की एक माणूस काठ्यांचा मोठा थोरला भारा कवेत घेऊन वाकून चाललाय आणि त्या भाऱ्यामुळे त्याला पुढचं काही दिसतच नाही. मी त्याच्याकडे बघत बसलो. चहा निवला. त्या दिवशी ऑफिसात जाऊन मी शेजारच्या टेबलावरच्या गृहस्थांच्या फायली, ज्या ते 'जरा नजर टाकता का' म्हणत कित्येक वर्षं माझ्याकडे सरकवत आले होते, उचलल्या आणि परत त्यांच्याकडे सरकवल्या. एक शब्द बोललो नाही. ते माझ्याकडे असे बघत राहिले, जणू टेबलच बोललं. संध्याकाळी मी शीळ वाजवत घरी आलो.

इथेच थांबलो असतो तर सगळं बरं झालं असतं. पण समोरच्या वहिनी शिडी मागायला आल्या.

समोरच्या वहिनी म्हणजे आमच्या मजल्याचं आकाशवाणी केंद्र. त्यांना एखादी गोष्ट सांगितली की ती आपण परत घरात पोचायच्या आत गच्चीवर पोचलेली असते. त्यांनी टेबलावरचे पत्ते बघितले आणि शिडी विसरल्या.

"भाऊजी, हे काय? माझं पण बघा ना! स्वयंपाकघरातल्या फरशा बदलू की राहू देऊ?"

"वहिनी, मी भविष्य सांगत नाही," मी म्हणालो. हे त्या वाक्याचं पहिलं जाहीर वाचन. "हे फक्त विचार करण्यासाठी आहे."

"मग मी विचारच करते," असं म्हणून त्यांनी सरळ पान ओढलं. निघाला मनोरा. वीज पडलीय, मनोऱ्याचं टोक उडालंय, आणि आतली माणसं खाली डोकं वर पाय अशी खिडकीतून पडतायत. वहिनींचा चेहरा पांढरा पडला.

मी त्यांना धीर द्यायला भाचीच्याच शब्दांत, अत्यंत मृदू आवाजात म्हणालो, "घाबरू नका. आपल्या आयुष्यात असं काय आहे की जे पडायला आलंय, हे स्वतःला विचारा."

मला जुन्या सवयी, जुने रुसवेफुगवे, असलं काहीतरी म्हणायचं होतं. वहिनींनी घरी जाऊन छत तपासलं. न्हाणीघराच्या कोपऱ्यात त्यांना ओल आणि फुगवटा दिसला. त्यांनी नवऱ्याला कामाला लावून तिथलं कपडे धुण्याचं यंत्र लगेच बाहेर ओढून काढलं. आणि दुसऱ्या दिवशी दुपारी त्या फुगवट्याचा घमेलंभर गिलावा धाडकन खाली आला, बरोबर यंत्राच्या रिकाम्या जागेवर.

विमा कंपनीतला माणूस म्हणून सांगतो, ओल आलेला गिलावा पडतोच. त्याला पत्ते लागत नाहीत. पण हे ऐकायला कोण मोकळं होतं? संध्याकाळपर्यंत पूर्ण इमारतीला कळलं की काकांनी दिवस आणि जागेसकट सांगितलं होतं.

मग रांग लागली. सकाळी मी पत्ते पिसायला बसलो की बेल वाजायची. कुणाला नोकरी सोडायची होती, कुणाला धरायची होती, एका बाईंना फक्त सुनेला कोणतं पान येतं ते बघायचं होतं. लोक जिन्याच्या पायऱ्यांवर बसून राहायचे. वरच्या मजल्यावरच्या एकाने तर वेळ घालवायला बरोबर शब्दकोडं आणायला सुरुवात केली. मी प्रत्येकाला माझं वाक्य ऐकवायचो, पान त्यालाच काढायला लावायचो आणि विचारायचो, "काय दिसतंय?" त्यावर ते आपापलंच बोलत सुटायचे आणि जाताना मला म्हणायचे, "काय अचूक सांगता हो तुम्ही!" मी काही बोललेलोच नसायचो.

"लोकांना कळेल अशी पाटी लावा," तिसऱ्या मजल्यावरचे निवृत्त मास्तर म्हणाले. मास्तरांना आयुष्यातल्या सगळ्या प्रश्नांवर फळा हेच उत्तर वाटतं. "सुवाच्य अक्षरात. 'येथे भविष्य सांगितले जात नाही.' विषय संपला."

मला ते पटलं. पाटी रंगवणाऱ्याला गाठलं. तो कलावंत माणूस. त्याने सुरुवात अशी काही झोकात केली, अक्षरं अशी काही टपोरी काढली, की 'जात' पर्यंत फळी संपली. मग त्याने 'नाही' हा शब्द खालच्या कोपऱ्यात, जिथे चित्रकार आपली सही करतात, तिथे कोंबला. मी म्हटलं, "अहो, महत्त्वाचा शब्द तोच आहे!" तो म्हणाला, "म्हणून तर वेगळा काढलाय. नजरेत भरतो."

पाटी दाराशेजारी ठोकली. पण तिथेच आग विझवायचं लाल नळकांडं टांगलेलं, आणि त्याचं तोंड नेमकं त्या कोपऱ्यावर आलं. जिन्यातून येणाऱ्याला दिसायचं ते एवढंच: 'येथे भविष्य सांगितले जात'. ज्यांना आजवर काही माहीत नव्हतं, त्यांनाही माहीत झालं. शेजारच्या इमारतीतून लोक यायला लागले.

शेवटी मास्तरांनी चेअरमनसाहेबांना गाठलं. आमचे चेअरमन बाकी माणूस कडक. सायकल जागेवरून वीतभर सरकली तरी सूचनाफलकावर कागद लागतो. मास्तर त्यांना म्हणाले, "तळमजल्यावरचा हॉल उघडून द्या ना. लोक तिथे बसतील, जिना मोकळा होईल." हा हॉल सर्वांच्या मालकीचा, पण दुरुस्तीच्या नावाखाली वर्षानुवर्षं बंद. किल्ली चेअरमनसाहेबांच्या कमरेला. दुरुस्ती करणारा मात्र कुणी कधी बघितला नव्हता.

चेअरमनसाहेब म्हणाले, "बघतो." आणि दुसऱ्याच दिवशी माझ्या हातात नोटीस पडली.

'आपण निवासी जागेत भविष्यकथनाचा व्यवसाय चालवत असल्याचे निदर्शनास आले आहे. पुरावा म्हणून पाटीचे छायाचित्र सोबत जोडले आहे.' छायाचित्रात नळकांडं होतं, 'नाही' नव्हतं. 'आपण व्यवसाय करत नसल्याचा सक्षम कार्यालयाचा दाखला येत्या सर्वसाधारण सभेपूर्वी सादर करावा.' आणि खाली, सगळ्यात जीवघेणी ओळ: 'प्रत: आपले कार्यालय.'

आमच्या कंपनीत कर्मचाऱ्याने दुसरा धंदा केला तर थेट चौकशी बसते. साहेबांनी मला आत बोलावलं. समोर तीच नोटीस. "तुमच्याकडून ही अपेक्षा नव्हती," ते म्हणाले. हे वाक्य ते स्टेपलर हरवला तरी म्हणतात, पण या वेळी त्यांनी चष्मा काढून म्हटलं. "सोमवारपर्यंत दाखला आणा. नाहीतर माझ्या हातात काही राहणार नाही."

आयुष्यभर मी लोकांच्या दाव्यांवर 'संशयास्पद' असा शेरा मारत आलो आणि आता मीच एक संशयास्पद फाईल होऊन बसलो होतो. घरी येऊन पाटी काढली. भिंतीला भोकं राहिली. त्या भोकांकडे बघून ही म्हणाली, "जेवून घ्या. उपाशी माणसाला कोणी दाखला देत नाही."

परवाना विभागात खिडकीमागे एक कारकून होते. आवाज थंड, हातात शिक्का.

"व्यवसाय बंद केल्याचा दाखला हवाय?"

"नाही. व्यवसाय नसल्याचा."

"म्हणजे बंद केलाय."

"सुरूच केला नव्हता."

त्यांनी शिक्का खाली ठेवला. "अहो, जे सुरू नव्हतं ते नाही, हे आम्ही कशावरून म्हणायचं? आमच्याकडे नोंदच नाही ना. तुम्ही आधी सुरू असल्याची नोंद करा. मग बंद करण्याचा अर्ज द्या. मग बंदचा दाखला मिळेल."

"पण मग मी व्यवसाय करत होतो असं होईल!"

"थोडा वेळ होईल," ते मोठ्या मनाने म्हणाले. "बरं, प्रकार कोणता? पत्ते म्हणताय. पत्ते म्हणजे जुगार. त्याला पोलिसांचं ना हरकत पत्र लागेल."

"हे जुगाराचे पत्ते नाहीत हो, चित्रांचे आहेत."

"बघू."

इथे माझं चुकलं. पुरावा सोबत बाळगायची व्यावसायिक सवय. पत्ते पिशवीत होते. मी दाखवले. कारकुनांनी सहज म्हणून एक पान ओढलं. त्यावर पेले उंचावून नाचणाऱ्या बायका होत्या. ते बराच वेळ बघत राहिले. मग अगदी वेगळ्याच आवाजात म्हणाले, "माझ्या बहिणी अशाच हसायच्या. आता महिनोन्महिने भेट होत नाही." आणि त्यांनी शेजारच्या बाईंना हाक मारली. बाईंनी पलीकडच्यांना मारली. मला कधी आत घेतलं, खुर्ची कधी दिली, चहा कधी आला, काही कळलं नाही. थोड्या वेळाने विभागाचे अधिकारीच आपल्या खोलीतून बाहेर आले, 'काय चाललंय' असं दरडावून विचारलं, आणि स्वतः पान काढलं. डोंगरावर कंदील घेऊन एकटा उभा असलेला म्हातारा. "बदली," ते पुटपुटले. "आणि तीही लांब." मी म्हणालो, "साहेब, मी भविष्य..." पण पाठीमागून कोणीतरी खाकरलं.

बाहेरच्या फेरीवरून परत आलेले निरीक्षक दारात उभे होते. नवे होते, उत्साही होते. सरकारी टेबल, मध्ये मी, माझ्या हातात पत्ते, भोवती गर्दी. त्यांनी तिथल्या तिथे पावतीपुस्तक काढलं आणि माझ्या हातात कागद ठेवला. 'विनापरवाना भविष्यकथन. स्थळ: परवाना विभाग.' अधिकारी तोवर आपल्या खोलीत गेले होते आणि दाराला आतून कडी होती.

म्हणजे मी व्यवसाय करत नसल्याचा दाखला आणायला गेलो आणि करत असल्याचा घेऊन आलो.

रविवारी सकाळी सभा पार्किंगमध्ये भरली. हॉल बंद, म्हणून गाड्या सरकवून खुर्च्या मांडल्या होत्या. चेअरमनसाहेबांनी छायाचित्र फिरवलं. मग निरीक्षकांच्या कागदाची प्रत फिरवली. ती त्यांना कशी मिळाली देव जाणे. "सदस्यहो," ते म्हणाले, "यापुढे काही बोलायची गरज आहे का? यांना दोषी ठरवणारा ठराव आपण करू आणि यांच्या कार्यालयाला कळवू."

मी उठलो. ज्यांनी माझ्या घरी येऊन पानं काढली होती, ते सगळे आता आपापल्या चपलांकडे बघत होते. शब्दकोडंवाल्याने तर खरंच शब्दकोडं काढलं होतं. मी "मी भविष्य..." एवढं म्हणालो आणि आवाज बसला.

तेव्हा माझ्या शेजारची खुर्ची वाजली. ही उभी राहिली होती.

"मला एकच सांगा," ती म्हणाली. "ह्यांना पुढचं काही दिसत असतं, तर ह्यांनी ती पाटी लावली असती का?"

आधी मास्तर हसले, मग वहिनी, मग पार्किंग हादरलं. इतक्या वर्षांच्या संसारात माझ्या अब्रूची इतकी उत्तम बाजू आजवर कुणी मांडली नव्हती.

चेअरमनसाहेब चिडले. "हसण्यावारी नेऊ नका! भविष्य सांगत नाहीत, तर मग करतात काय? करून दाखवा इथेच, सगळ्यांसमोर! द्या मला एक पान!"

मी पिशवीतून पत्ते काढले, पिसले, पुढे धरले. त्यांनी झटक्यात मधलं पान उपसलं. तलवारींची सत्ती. चवड्यांवर चालणारा एक माणूस कवेत तलवारी घेऊन तंबूंपासून लांब सटकतोय आणि हसत मागे वळून बघतोय, कोणी बघत तर नाही ना.

माझा घसा एकदम मोकळा झाला. का ते सांगतो. ही जागा माझ्या ओळखीची होती. समोर माणूस, त्याच्या हातात त्याची गोष्ट, आणि मला फक्त विचारायचंय. मी माझ्या ऑफिसच्या आवाजात विचारलं, "काय दिसतंय?"

"माणूस आहे," चेअरमनसाहेब म्हणाले.

मी गप्प. आमच्या धंद्यात प्रश्न कुणालाही विचारता येतो. त्यानंतर गप्प बसणं शिकायला हयात जाते.

"काहीतरी उचलून घेऊन चाललाय."

मी मान हलवली.

"लपून चाललाय असं वाटतं खरं. मागे बघतोय." त्यांनी कॉलर सैल केली. "पण तेवढ्यावरून चोर म्हणायची काय गरज आहे? त्याने काही नेलेलं नाही. उलट ठेवलंय."

"ठेवलंय?" वहिनींनी विचारलं.

"म्हणजे असेल ठेवलेलं! त्याचं नसेलही! त्याच्या मेहुण्याचं असेल! मेहुणा अडचणीत असतो, गोदाम सोडावं लागतं, बायको रोज डोळ्यांत पाणी आणते, मग माणसाने काय करायचं? गिझर काय रस्त्यावर ठेवायचे?"

शेवटचा शब्द पार्किंगभर घुमला. चेअरमनसाहेबांनी पानाकडे असं बघितलं, जणू ते पानच बोललं होतं.

"कसले गिझर?" मास्तरांनी अगदी हळू, वर्गात विचारतात तसं विचारलं.

यानंतरचं फार पटापट झालं. सगळे उठून हॉलच्या दारापाशी गेले. चेअरमनसाहेबांनी कमरेची किल्ली स्वतःच काढली. दार उघडलं आणि आत जमिनीपासून छतापर्यंत खोकी. मधे एक बोळ, फक्त तिरकं होऊन जाता येईल असा. शब्दकोडंवाला तिरका होऊन आत गेला आणि आतून ओरडला, "पार मागच्या भिंतीपर्यंत गिझरच आहेत!"

मला वाटलं होतं, अशा क्षणी मला फार आनंद होईल. झालाही. पण चेअरमनसाहेब बाजूला पायरीवर बसले होते, किल्ली हातात, आणि म्हणत होते, "दर महिन्याला म्हणायचा, पुढच्या महिन्यात नेतो. कुणाला सांगायची लाज वाटायची. आता झोप तरी लागेल." मी त्यांच्या शेजारी बसलो. पान त्यांच्या हातातून काढून घेतलं आणि त्याऐवजी पाण्याची बाटली दिली.

सभा पुढे चालू झाली. चेअरमनसाहेबांनी राजीनामा दिला आणि माझ्यावरची तक्रार स्वतःच्या अक्षरात मागे घेतली. मी कोणताही व्यवसाय करत नाही, असा ठराव एकमताने झाला. नव्या चेअरमन म्हणून वहिनींचं नाव मास्तरांनी सुचवलं, आणि ते मान्य झाल्याची बातमी वहिनींनी स्वतःच सर्व मजल्यांवर पोचवली.

सोमवारी मी परवाना विभागात गेलो. या वेळी खिडकीशी थांबलो नाही. सरळ अधिकाऱ्यांच्या खोलीत, दारावर टकटक करून.

"साहेब, निरीक्षकांनी दिलेल्या कागदावर मला लेखी म्हणणं मांडायचंय," मी म्हणालो. "व्यवसाय म्हटला की गिऱ्हाईक आलं. तर गिऱ्हाईक म्हणून मी कुणाकुणाची नावं लिहू?"

अधिकाऱ्यांनी माझ्याकडे बघितलं. मी गप्प बसलो. त्यांनी खिडकीबाहेर बघितलं, पेन उचललं, कागद रद्द केला. मग इमारतीचा ठराव वाचला आणि कारकुनांना बोलावून सांगितलं की यांच्या जागेत असा कोणताही व्यवसाय आढळला नाही, असं लिहून द्या. कारकुनांनी असा शिक्का मारला की टेबलावरची टाचणी उडाली. "बहिणींकडे जाऊन आलो," ते मला दाराशी म्हणाले.

साहेबांनी आमच्या ऑफिसात दोन्ही कागद वाचले, नोटीस फाडली आणि चष्मा काढला. मी सावध झालो.

"ते गिझरचं खरं आहे? एक प्रश्न विचारलात आणि माणूस सगळं बोलला?"

"एकच विचारला, सर. बाकी त्यांनीच."

"आपली नवी पोरं दावेदाराला चाळीस प्रश्न विचारतात आणि हात हलवत परत येतात," ते म्हणाले. "पुढच्या महिन्यापासून त्यांना तुम्ही शिकवायचं. स्वतंत्र खोली देतो. पाटीही लावू बाहेर."

"पाटी नको, सर," मी इतक्या जोरात म्हणालो की शेजारच्या टेबलावरचे गृहस्थ उठून उभे राहिले.

गिझर नेले गेले. हॉल धुतला, खिडक्या उघडल्या, खुर्च्या आल्या. वहिनींनी जाहीर केलं की रोज सकाळी ज्यांना बसायचंय त्यांनी तिथे बसावं, आणि भाचीने पाठवलेले आणखी काही कॅट टेबलावर मांडले गेले.

पहिल्या दिवशी मी मुद्दाम जरा उशिरा गेलो. मान्यवर उशिराच येतात. इस्त्रीचा शर्ट घातला होता. दारात थांबून दोन शब्द बोलायचे, तेही मनात जुळवून ठेवले होते. दार ढकललं. हॉल भरलेला होता. मास्तर एका पानाकडे बघत दाढी खाजवत होते. सासू आणि सून एकाच पानावर वाकल्या होत्या आणि दोघींना वेगवेगळं दिसत होतं. खिडकीपाशी जुने चेअरमनसाहेब एकटेच बसून एका पानाकडे बघत स्वतःशीच हसत होते. माझ्याकडे कोणी बघितलंसुद्धा नाही. शब्दकोडंवाला मान वर न करता म्हणाला, "काका, जरा बाजूला व्हा ना. उजेड अडतोय."

मी बाजूला झालो. एकही खुर्ची रिकामी नव्हती. ज्यांना मी अक्षरशः टूथब्रश तोंडात घेऊन समजावलं होतं, त्यांना आता माझी काही गरज नव्हती. कुणी कुणाला भविष्य विचारत नव्हतं. भिंतीला टेकून मी हे बघत उभा राहिलो. आधी मला वाईट वाटलं. शर्टाची इस्त्री उगीच केली, असं वाटलं. मग छातीत काहीतरी रुंद होत गेलं.

कोपऱ्यातल्या बाकावर ही बसली होती. हातात पान. ते मला दिसू नये म्हणून तिने छातीशी धरलं, दुसऱ्या हाताने पदर सावरला आणि बाकावर थोडी सरकली.

मी जाऊन बसलो. अर्धा बाकावर, अर्धा बाहेर. पण बसलो.